पेटी कुणी उचलायची

चाकांवरचं घर बघायला येणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो. स्वयंपाक कुठे करता, आणि झोपता कुठे? मग शेगडी बघून "अरे वा" म्हणतो, पलंगावर बसून बघतो, पडद्याला हात लावतो आणि जातो. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून तो मीच सांगतो, आणि तुम्ही जेवताना वाचत असाल तर आधी ताट संपवा.

गाडीच्या मागच्या बाजूला कपाटाएवढ्या जागेत संडास आहे. त्याच्याखाली एक पेटी. प्लॅस्टिकची, दोन चाकं, ओढायला दांडी. लांबून बघितलं तर माणूस विमानतळावर निघालाय असं वाटावं. दोघांना ती तीन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, कुठेतरी नेऊन रिकामी करायची, धुवायची, आत निळं औषध ओतायचं आणि परत सरकवायची. बस, एवढंच. ह्यातलं 'कुठेतरी' म्हणजे कुठे, ह्या एका शब्दापायी माझा अख्खा उन्हाळा गेला.

मी कर्जतला शाळेत विज्ञान शिकवायचो. शोषखड्ड्याची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढलीय की डोळे मिटूनही काढीन. निवृत्त झाल्यावर आम्ही फ्लॅट विकला, एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर करून घेतलं. नातेवाइकांनी कपाळावर हात मारले. मारोत. हिंडायचं होतं, हिंडलो. मधल्या काळात पोशीरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेताच्या कडेला गाडी लावायचो. तिथे त्याने खड्डा खणून दिला होता. पेटी ओतायची, वर राख आणि माती टाकायची, विहिरीवर हात धुवायचे की झालं. वाऱ्याला वास नाही, मनाला लाज नाही. आपण फार स्वच्छ आणि साधं जगतोय असं मला वाटायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते ऐकवायचोसुद्धा.

मार्चअखेर फोन आला. सासूबाई खोपोलीत मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता दोन-अडीच महिने अंथरूण. बायको एकुलती एक मुलगी. सासूबाईंचं घर म्हणजे शिळफाट्याजवळच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात त्यांचा पलंग, त्यांचे देव, वॉकर, आणि उरलेल्या जागेत बायकोची चटई. मला तिथे जागा नव्हती, आणि असती तरी जावयाने सासरी मुक्काम ठोकणं त्या बाईंना खपलं नसतं. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," त्या पडल्या पडल्या मला म्हणाल्या, "तुमचं घर तुम्ही आणलंयत ना बरोबर? मग ऱ्हा त्यात."

राहिलो. पण पोशीरच्या शेतातून शिळफाट्यावर येणं म्हणजे काय, ते मला विचारा.

खोपोलीला शहर म्हणायचं की नाही ह्यावर कुणी वाद घालावा, उकाडा आणि गर्दी मात्र अस्सल शहराची. घाट चढायला निघालेले ट्रक तिथे दम खातात, घाट उतरून आलेले ब्रेक थंड करतात. तापलेल्या रबराचा वास, डिझेलचा वास, वड्याच्या काळ्या पडलेल्या तेलाचा वास, आणि ह्या सगळ्यांच्या खालून उघड्या गटाराचा वास. हॉर्न तर असे वाजवतात की जणू समोरचा ट्रक आवाजानेच पुढे सरकणार आहे. मिनीबसचा पत्रा दहा वाजताच तापायचा. आत पंखा लावला की गरम हवा फिरायची, एवढाच फरक. भाजी चिरायला घेतली तर घामाचा थेंब भाजीत पडायचा. शी! लोक माझ्या गाडीच्या चाकावर पिचकारी मारून जायचे. चाक म्हणजे थुंकायचीच जागा अशी सगळ्यांची ठाम समजूत. मी खिडकीतून ओरडलो तर एक जण शांतपणे म्हणाला, "काका, चाकावर थुंकलो, घरावर नाय."

गाडी उभी होती ती टायरच्या दुकानाशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. प्लॉट दुकानदाराचाच. भला माणूस. भाडं मागितलं नाही, अट मात्र एक घातली.

"काका, सासूबाई बऱ्या होईपर्यंत खुशाल ऱ्हावा. पण वास आला ना, एका माणसानं जरी कम्प्लेंट केली ना, तर त्याच दिवशी गाडी काढायची. माझं गिऱ्हाईक हितंच चहा पितं."

त्या फाट्यावर दुसरी जागा नव्हती. माझं सगळीकडे विचारून झालं होतं. गाडी निघाली तर मी कुठेतरी लांब एकटा, आणि बायको इथे एकटी. ती दिवसभर आईचं उठवणं-बसवणं करायची, संध्याकाळी दोन तास गाडीत येऊन आडवी व्हायची आणि परत जिने चढून जायची. ते दोन तास होते म्हणून ती उभी होती. म्हणजे सगळं त्या पेटीवर येऊन थांबलं.

पहिल्यांदा पेटी भरली तेव्हा मी ती ओढत स्टँडच्या सार्वजनिक शौचालयात गेलो. दारातल्या माणसाने आधी पेटीकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"सामान बाहेर ठेवायचं."

"सामान नाही. हेच आत ओतायचंय."

मी समजावून सांगितल्यावर तो स्टुलावरून उठलाच. "नाय नाय. आत जाऊन करायचं. घरून करून आणायचं नाय."

आता ह्या वाक्याला काय उत्तर द्यायचं? रोज पहाटे त्या रांगेत उभं राहणं ह्या वयात जमणारं नव्हतं, आणि रात्री तिथे कुलूप असायचं. मागे रांगेत उभे असलेले हसले. भर उन्हात पेटी ओढत परत आलो. फरसबंदीवर तिची चाकं खडखड वाजत होती आणि आतून डुचुक डुचुक आवाज येत होता.

मग सासूबाईंना विचारलं. त्यांच्या घरात स्वतंत्र संडास आहे. विचारलं म्हणजे बायकोला मध्ये घालून विचारलं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "माझ्या देवांसमोरून ते डबडं न्यायचं नाही. मेल्ये तरी नाही." हे बोलताना त्यांच्या खाली बेडपॅन होतं, आणि ते काढायला त्यांची मुलगी वाकून उभी होती. तिने ते काढलं, झाकलं, त्याच देवांसमोरून नेलं. मला इतका संताप आला की मी जिना उतरून खाली निघून आलो.

पोशीरचा खड्डा फार लांब पडायचा, पण लोधिवलीला माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका शिक्षकाचा बंगला आहे. बंगल्यामागे मैल्याची टाकी. फोन केला, तो हसत "ये की" म्हणाला. पेटी आमच्या जुन्या स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून जुन्या हायवेने निघालो. झाकण मी नीट फिरवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. एका गतिरोधकावर स्कूटर उडाली, पेटी उडाली, आणि उजव्या पायाच्या घोट्यापासून वर काहीतरी कोमट पसरत गेलं. थांबलो नाही. थांबून काय करणार होतो? उन्हात ते वाळत गेलं, आणि प्रत्येक सिग्नलला शेजारचा माणूस नाक वर करून इकडेतिकडे बघायचा. मीही बघायचो, जणू मलाही पत्ता नाही. आयुष्यात मला कधी स्वतःच्या अंगाची इतकी किळस आली नव्हती.

मित्राने टाकी उघडून दिली, बागेच्या नळाची नळी माझ्या पायावर धरली. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हाही ओतू दिलं, पण चहा बाहेर ओट्यावर आला. तिसऱ्या वेळी फोन वहिनींनी उचलला. "आज नको हं, पाहुणे यायचेत." दोन दिवसांनी पुन्हा फोन केला, पुन्हा पाहुणे. समजायचं ते समजलो.

आता त्या बाईबद्दल सांगतो, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

आम्ही गाडी लावली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक बाई गाडीच्या सावलीत येऊन बसायची. डोंगरातल्या वाडीवरची कातकरी बाई, चाळिशीची असेल. करवंदांची पाटी, पळसाच्या पानांचे द्रोण. सकाळी सावली रस्त्याच्या अंगाला पडायची, तिथे ती विकायला बसायची. बाराला सावली वीतभर उरली की चाकाला पाठ टेकायची. त्याच चाकाला, ज्यावर गाव थुंकायचं. ती रोज आधी ते पाणी मारून धुवायची. बायकोने हे बघितलं आणि दुपारी गाडीच्या अंगाला गुंडाळलेलं कापडी छप्पर तिच्यासाठी उघडायला सुरुवात केली. पाण्याची बाटली द्यायची. बदल्यात रोज एक द्रोण आमच्या पायरीवर असायचा. आईकडून उतरून आली की बायको आधी तिच्याशेजारी बसायची, मग गाडीत शिरायची.

"गाडी हितंच ऱ्हाव द्या गं बाय," ती म्हणायची. "लय गार वाटतं."

"आई चालायला लागेपर्यंत आहोतच," बायको म्हणायची.

त्या फाट्यावर आमच्याशी काही काम नसताना बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

लोधिवली बंद झाली तेव्हा पेटी पाचव्या दिवसावर गेली होती. उन्हात पाचवा दिवस म्हणजे काय हे लिहीत नाही. टायरवाला सकाळी दोनदा प्लॉटवर येऊन नाक ओढून गेला. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते इतक्या सहज आलं, की आजही त्याचीच लाज वाटते. आमच्या घरांतून लहानपणापासून ऐकलेलं वाक्य होतं ते, अंगण झाडायचं असो, मेलेलं कुत्रं उचलायचं असो: कातकऱ्याला बोलवा, तो करील. बस. विचार करावाच लागला नाही.

मी तिला विचारलं, "नवरा काय करतो गं तुझा?"

"मिळंल ते. गवत कापतो, खड्डं खनतो."

"उद्या घेऊन ये. काम आहे. तीन दिवसांतून एकदा."

काय काम, ते मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिचा चेहरा इतका खुलला की त्या दिवशी पायरीवर दोन द्रोण होते.

दुसऱ्या दिवशी तो आला तो धुतलेला पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावून. मी त्याला गाडीच्या मागे नेलं, झडप उघडली, दांडी ओढून पेटी बाहेर काढली आणि वर्गात समजावतो तसं समजावलं. झाकण असं फिरवायचं, हात लागत नाही, हातमोजे मी देईन, पैसे चांगले देईन. वरच्या बाजूला ओढ्याकडे कुठेतरी लांब ओतून यायचं. ओढ्यात ओत, असं मी, शोषखड्ड्याची आकृती काढणारा माणूस, सांगत होतो. तो ओढा त्यांच्याच वाडीवरून येतो हेही मला ठाऊक होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ह्ये तुमचंच ना?"

"हो."

"दोगांचंच?"

"हो रे. आजार वगैरे काही नाही आम्हाला."

"मंग तुमीच उचला की," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने, वाट विचारल्यावर वाट सांगावी तसा. "आमी मिळंल ते काम करतो सायेब. पन कोनाचा गू नाय उचलला आमी. माज्या बापानं बी नाय."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पाच दिवसांचा वास, ते ऊन, ती स्कूटर, ते पाहुणे, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि ते ऐकून घ्यायला समोर हा एकटाच गरीब माणूस होता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

"माज आलाय तुम्हाला," मी म्हणालो. "माझ्या गाडीच्या सावलीत बायको बसते तुझी रोज. आमचं पाणी पिते. ते चालतं?"

ती गाडीच्या पलीकडच्या अंगाला होती, आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. भांडेल असं वाटलं मला. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने द्रोण पाटीत ठेवले, पाटी डोक्यावर घेतली, आमची पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती ती पायरीवर नीट उभी करून ठेवली आणि रस्ता ओलांडून गेली. पलीकडे सावली नाही. एक पत्र्याचा बोर्ड आहे, त्याच्या पायाशी, डोक्यावर पदर ओढून ती उन्हात बसली. नवरा तिच्यामागून गेला, आणि त्याने जाताना माझी पेटी हात न लावता पायाने थोडी बाजूला सरकवली, कुणी अडखळू नये म्हणून.

संध्याकाळी बायको आली. "ती कुठाय? पलीकडे का बसल्ये उन्हात?"

मी सांगितलं. खोटं सांगणार होतो, पण बाटली पायरीवर तशीच होती.

बायको बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, "आईचं मी रोज दोनदा काढते. तुम्हाला स्वतःचं एकदा नेववेना? किळस येते? मलापण येते, अहो. रोज येते. पण मी म्हणून कुणाला बोलावून आणलं का?"

त्यानंतर तिने जे केलं ते मला जन्मात जमलं नसतं. पेटीची दांडी धरली आणि चालायला लागली. मी मागून "अगं, दे इकडे" म्हणत गेलो. जिन्याशी मी ती तिच्या हातातून घेतली. दोन मजले छातीशी धरून चढलो. गॅलरीतल्या बायका दारात उभ्या राहिल्या. आत सासूबाई ओरडल्या, "अगो, देव आहेत इथे!"

"तुझं नेताना असतात तेच देव आहेत, आई," बायको म्हणाली. "त्यांनी तेव्हाही बघितलं. आता ह्यांचं बघतील."

सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. मी आत गेलो, ओतलं, धुतलं, फिनेल टाकलं. ओकारी आली ती गिळली. बाहेर आलो तर त्या पदराच्या आडून म्हणाल्या, "पुढच्या वेळी संध्याकाळचा दिवा लावायच्या आधी आणा." म्हणजे परवानगी मिळाली. दोन मिनिटांचं काम होतं. एवढ्यासाठी मी काय काय करून बसलो होतो.

टायरवाल्याने पुन्हा नाक ओढलं नाही. गाडी राहिली, बायकोचे दोन तास राहिले. दर तिसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन जिने चढायचो, आणि गॅलरीतल्या बायका आत जायच्या. जाऊ देत.

ती करवंदवाली मात्र सावलीत परत आली नाही. सकाळपासूनच मी छप्पर उघडून ठेवायला लागलो. त्या सावलीत टायरवाल्याची गिऱ्हाइकं येऊन बसली, कुत्री येऊन झोपली, चाकावर पुन्हा लाल पिचकाऱ्या उमटल्या. आता त्या मी धुवायचो. बायको रोज रस्ता ओलांडून तिच्याशेजारी उन्हात बसून यायची, पाणी देऊन यायची. एकदा मी गेलो. करवंदं मागितली. तिने सगळ्यांना देते तसा द्रोण भरला, सगळ्यांना सांगते तोच भाव सांगितला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "सावलीत ये बसायला. मी त्या दिवशी नको ते बोललो."

"नको सायेब. हितं बरं हाय."

"ऊन आहे गं."

"आमाला सवय हाय," ती म्हणाली, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. माफ केलं असंही म्हणाली नाही, नाही असंही नाही. मला माफ करणं हे काही तिचं काम नव्हतं.

करवंदं संपली, जांभळं आली. सासूबाई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागल्या आणि त्यांनी आम्हाला जायला सांगितलं, जवळजवळ हाकललंच. "पाऊस लागायच्या आत जा. मला माझं घर मोकळं हवंय." त्या दिवशी मी शेवटची पेटी ओतली, टायरवाल्याचा निरोप घेतला, छप्पर गुंडाळलं, गाडी चालू केली.

करवंदवालीला रस्ता ओलांडून येताना मी आरशात बघितलं. हातात द्रोण, जांभळांनी शिगोशीग भरलेला. मला वाटलं, आली. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. ती माझ्यासमोरून पलीकडच्या दाराशी गेली, तो द्रोण खिडकीतून बायकोच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला. मी काहीतरी करायचं म्हणून खिशात हात घातला.

"ऱ्हाव द्या," ती म्हणाली. पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "मी बायला दिलंय. तुमाला नाय."

मी वर चढून बसलो. फाटा मागे पडेपर्यंत बायको एकटीच जांभळं खात होती, बिया खिडकीतून टाकत होती. तिने एकदाही द्रोण माझ्याकडे केला नाही, आणि मी मागितलाही नाही.